चिठ्ठी न लावलेलं अकाउंट

चिठ्ठीमास्तरांनी आयुष्यात कधी खडू हातात धरला नव्हता. एकवीस वर्षं ते एका हॉस्पिटलच्या तळघरात, सर्व्हररूममध्ये बसत होते, आणि मास्तर ही पदवी त्यांना चिकटली ती त्यांच्या चिठ्ठ्यांमुळे. वायर दिसली की तिला चिठ्ठी. काय आहे, कुठून कुठे जाते, कोणी टाकली, कधी टाकली, असे चार रकाने, आणि अक्षर असं की चष्मा विसरलेल्या माणसालाही वाचता यावं. पंख्याच्या बटणालासुद्धा त्यांनी चिठ्ठी लावली होती, आणि त्या खोलीत पंखा एकच होता.

घरीही तीच तऱ्हा. साखरेच्या डब्यावर 'साखर' आणि खाली भरल्याची तारीख. बायको म्हणायची, एक दिवस माझ्या कपाळावरही चिकटवाल, लग्नाच्या तारखेसकट. मास्तर गंभीरपणे सांगायचे की ती तारीख पाठ आहे, चिठ्ठीची गरज नाही. असा विनोद ते वर्षातून एखाददुसरा करत, आणि तोही केल्याचं त्यांच्या लक्षात येत नसे.

ते आले होते वायरमन म्हणून. छत आणि पत्र्याच्या मधल्या पोकळीत पोटावर सरपटत त्यांनी या इमारतीत वायरी ओढल्या. मग वायरीच्या टोकाला काय असतं याची उत्सुकता लागली, आणि रोज काम संपल्यावर पुस्तकं घेऊन बसत ते सर्व्हर सांभाळायला शिकले. डिग्री नव्हती. हाताखाली आलेली डिग्रीवाली पोरं मात्र त्यांनीच तयार केली. त्यातलाच एक आता त्यांचा साहेब होता, आणि मास्तर त्याला मनापासून साहेब म्हणत.

या आठवड्यात कामावर राहणाऱ्यांची यादी लागणार होती. कॉम्प्युटरचं काम बाहेरच्या कंपनीकडे जाणार, चौघांतले दोघं राहणार, एवढं सगळ्यांना माहीत होतं. मास्तर चोपन्न वर्षांचे. या वयात डिग्रीशिवाय दुसरीकडे कोण दारात उभं करणार? त्यांनी घरी हे एका वाक्यात सांगितलं होतं आणि त्या दिवसापासून बायकोने चिठ्ठ्यांवरून चेष्टा करणं सोडलं होतं. आज डबा हातात देताना ती फक्त म्हणाली, काही कळलं तर फोन करा. मास्तरांना त्या यादीत आपलं नाव हवं होतं. दुसरं काही नको होतं.

सव्वानऊला ते स्वतःच्या टेबलावरचा कॉम्प्युटर उघडणार, तोच तळघरातला फोन वाजला. छातीच्या डॉक्टरबाई होत्या. कुठल्याच पेशंटचा एक्स-रे पडद्यावर दिसत नव्हता. नाव दिसे, तारीख दिसे, फोटोच्या जागी नुसता काळा चौकोन. समोर व्हीलचेअरवर एक म्हातारी धापा टाकत बसली होती, बाहेर रांग होती, आणि प्रत्येक फोटोसाठी त्यांना दोन मजले उतरून एक्स-रे रूमपर्यंत पळावं लागत होतं. बाई ओरडल्या नाहीत. त्या दमलेल्या आवाजात म्हणाल्या, जरा लवकर बघा.

खरं सांगायचं तर मास्तरांना बरं वाटलं. बिघाड अगदी वेळेवर आला होता. जेवणाच्या सुट्टीआधी दुरुस्त झाला तर साहेबाच्या नजरेत येईल, यादीवर शेवटचा हात फिरवताना आठवेल. पुढच्याच क्षणी त्यांना स्वतःची लाज वाटली, कारण म्हातारीची धाप फोनमधून त्यांनाही ऐकू आली होती.

मांडणी साधी होती. एक्स-रेचे फोटो शेजारच्या खोलीतल्या मोठ्या सामायिक ड्राइव्हवर साठत. वेब सर्व्हर तिथून फोटो उचलून डॉक्टरांच्या पडद्यावर दाखवी. मास्तरांनी आधी वायर पाहिली, चिठ्ठीसकट जागेवर होती. ड्राइव्ह चालू होती, जागा शिल्लक होती. सर्व्हरवर ते सगळ्यांच्या सामायिक अॅडमिन लॉगिनने शिरले आणि फोल्डर हाताने उघडून पाहिला. फोटो लख्ख दिसले. ब्राउझरमध्ये पाहिलं तर काळा चौकोन. म्हणजे त्यांना दिसत होतं आणि सर्व्हरला दिसत नव्हतं. त्यांनी सर्व्हरची नोंदवही उघडली, तर सकाळपासून एकच ओळ पुन्हापुन्हा पडली होती: लॉगिन नाकारलं.

आता नवशिक्या असता तर फोल्डर सगळ्यांना मोकळा करून बसला असता. मास्तर स्वतः पोरांना शिकवत की आपण उघडलेली ड्राइव्ह आपल्यापुरती असते. सर्व्हर काही आपल्या खांद्यावरून डोकावत नाही, तो स्वतःच्या नावाने जातो, आणि त्या नावाला परवानगी लागते. मग हा कोणाच्या नावाने जातोय? त्यांनी सेटिंग उघडलं. एक्स-रेच्या फोल्डरपुढे, 'कोणाच्या नावाने जोडायचं' या रकान्यात, त्यांचं स्वतःचं नाव होतं.

मास्तर बघतच राहिले. मग आठवलं. नऊ वर्षांपूर्वी जुनी ड्राइव्ह बंद पडली आणि शनिवारी नवी आली. काही केल्या सर्व्हर तिच्यात शिरेना. डॉक्टर डोक्यावर उभे होते. शेवटी मास्तरांनी स्वतःचं नाव आणि पासवर्ड घालून दिला आणि पासवर्डची मुदत कधी संपू नये अशी खूणही करून ठेवली. दोन दिवसांचा प्रश्न, सोमवारी वेगळं अकाउंट काढू. सोमवारी तळघरात पाइप फुटला, आठवडाभर ते गुडघाभर पाण्यात होते आणि हे राहून गेलं. दोनच दिवसांचं म्हणून त्याला चिठ्ठीही लावली नव्हती. एकवीस वर्षांत लावायची राहिलेली ती एकच चिठ्ठी असावी.

पण नाव तर नऊ वर्षं चाललं होतं, आजच काय झालं? त्यांनी अकाउंटची यादी काढली. त्यांच्या नावापुढे बंदची खूण होती. काल संध्याकाळी पाच चाळीस; आधीची जोडणी रात्रभर टिकली असणार आणि सकाळी तुटली. कोणाचा तरी हात चुकून लागला असेल, असं मनाशी म्हणत त्यांनी साहेबाला फोन लावला.

"साहेब, काल माझं अकाउंट बंद झालंय. चुकून झालंय का?"

"मास्तर, पत्र उद्या मिळणार होतं तुम्हाला. आधी अकाउंट बंद करायचं, मग पत्र द्यायचं, असा नियम आहे. मी कालच खाली येऊन सांगणार होतो."

"काय सांगणार होता?"

"यादीत तुमचं नाव नाहीये." मग त्याने लगेच विचारलं, "ते फोटो का दिसत नाहीत, कळलं का काही?"

"कळलं," मास्तर म्हणाले. "करतो."

फोन ठेवल्यावर ते खुर्चीत बसले. पंखा फिरत होता. ज्याला माउस धरायला शिकवला त्याच पोराने आपल्या नावावर तो माउस दाबला होता, आणि खाली उतरून सांगायला त्याला बारा पायऱ्या जड झाल्या होत्या. राग आला, फार आला. पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते याचं की सकाळभर आपण ज्याच्यासाठी धडपडलो ते काल पाच चाळीसलाच संपलं होतं.

पडद्यावर त्यांचं नाव अजून उघडंच होतं. अॅडमिन लॉगिन हातात होतं. एक क्लिक केली की नाव पुन्हा चालू, फोटो पुन्हा चालू. कोणाला पत्ताही लागणार नाही. मग महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी ते नाव पुन्हा बंद करेल, फोटो पुन्हा जातील आणि त्या बाहेरच्या कंपनीला सात जन्मांत कारण सापडणार नाही. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. येतील मग गयावया करत. मास्तरांनी माउस त्या नावावर नेला आणि तिथेच धरून ठेवला.

किती वेळ गेला कोण जाणे. फोन वाजला. डॉक्टरबाईंनी विचारलं, अजून किती वेळ? मागून त्याच म्हातारीची धाप येत होती. पुढे फोटो पुन्हा जातील तेव्हाही व्हीलचेअरवर कोणीतरी असेलच, आणि ते कोणी साहेब नसणार.

"दहा मिनिटं द्या," मास्तर म्हणाले.

त्यांनी नवं अकाउंट काढलं, कोणाही माणसाचं नाव न देता. ड्राइव्हच्या दारावर त्याला परवानगी दिली, आतल्या फोल्डरवर वेगळी दिली, तीही फक्त वाचण्यापुरती. सेटिंगमधून स्वतःचं नाव खोडलं आणि तिथे नवं घातलं. ब्राउझरमध्ये काळ्या चौकोनाच्या जागी एक छातीचा पिंजरा उमटला. वरून बाईंचा फोन आला, दिसलं म्हणाल्या, आणि पेशंटकडे वळल्या. बायकोला फोन करायचा होता. त्यांनी मोबाइल हातात घेतला आणि पुन्हा खिशात ठेवला.

मग त्यांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे ओढला. काय: एक्स-रे फोटोंचं अकाउंट. कुठून कुठे: वेब सर्व्हर ते सामायिक ड्राइव्ह. कधी: आजची तारीख. 'कोणी' या रकान्यापाशी पेन थांबलं. तो त्यांनी कोरा ठेवला. चिठ्ठी सर्व्हरला चिकटवण्याआधी तळाशी, चष्मा विसरलेल्या माणसालाही वाचता येईल अशा अक्षरात, आणखी एक ओळ लिहिली:

हे अकाउंट कोणाचंही नाही. कोणालाही काढलं तरी हे बंद करू नये.