गाडीची कवळी

कवळीबाई माणसाच्या डोळ्यांकडे बघत नसत, तोंडाकडे बघत. समोरचा बोलू लागला की त्यांची नजर त्याच्या ओठांच्या आत जाई आणि तिथेच राही. नवख्याला वाटे, आपल्या दाताला काही चिकटलंय की काय. तो बिचारा तोंडावर हात धरून बोलू लागे. बाजारातली माणसंही त्यांच्या लक्षात राहत ती दातांवरून. "फटवाल्याकडची वांगी ग्वाड निघाली," किंवा "त्या सुळेवाल्या मास्तरांची बदली झाली म्हनं," असं त्या सहज बोलून जात. त्यात निंदा नसे. आपण एखाद्याला उंच किंवा ठेंगणा म्हणतो, तसंच ते.

त्यांचं नाव सुलोचना. चिंचवड स्टेशनजवळच्या ज्या चाळीत त्या राहत, तिथेही ते फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांचे यजमान दामूअण्णा हे मूळचे कवळ्यांचे कारागीर. पुण्यातले एक दातांचे डॉक्टर रोग्याच्या जबड्याचं माप घेऊन पाठवत आणि अण्णा त्यावरून कवळी बनवून देत. ऐन चाळिशीत त्यांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. तेव्हापासून अण्णा खाटेवर बसून सांगत आणि बाई करत. निघोज्याच्या शेतकरी घरातली ही बाई दोन-तीन वर्षांत त्या कामात तयार झाली. तरी अण्णांची देखरेख सुटली नाही. काही चुकलं की ते डाव्या हातातली काठी खाटेच्या पायावर आपटत. एकदा आपटली तर पुन्हा घासायचं, दोनदा आपटली तर मोडून नव्याने करायचं. बाई उलटून बोलत नसत. मात्र दुसरा ठोका पडला की त्यांच्या हातातल्या कानशीचा आवाज बदले.

माझं दुकान पिंपरीत, मुंबई-पुणे रस्त्याला लागून होतं. मोटारींचे कापडी टप शिवायचे, कुशन भरायचं, असा माझा धंदा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. कासीमभाई नावाचे माझे एक जुने गिऱ्हाईक होते. वरातीला भाड्याने द्यायला त्यांनी एक लांबलचक विलायती, मागे टप दुमडणारी उघडी गाडी ठेवली होती. बाहेरून ती आरशासारखी चकचकीत. आतून मात्र तिचे हाल झाले होते. बंद गाडीत ऊन खिडकीतून डोकावतं. उघड्या गाडीत ते सरळ येऊन बसतं. दारांच्या आतले प्लास्टिकचे पट्टे, हात टेकायच्या जागा, डॅशबोर्डचा दर्शनी भाग, सगळं वर्षानुवर्षांच्या उन्हाने आकसून तडकलं होतं. एका वरातीत नवरीने आधाराला दारावर हात ठेवला आणि तडकलेल्या कडेने तिचा तळवा चिरला. शालूवर रक्त सांडलं. बायकांनी अपशकुन म्हणून रडायला सुरुवात केली आणि मुलीच्या मामाने कासीमभाईंना भर रस्त्यात गाडीतून खाली ओढलं.

दुसऱ्या दिवशी ते गाडी माझ्या दारात लावून म्हणाले, "भाई, हे नीट झाल्याशिवाय ही गाडी मी कुणाच्या पोरीला देणार नाही. मग घरात बसायची पाळी आली तरी चालेल."

मी पट्ट्यांवर रेक्झिन चिकटवून पाहिलं. उन्हात ते सुटून लोंबू लागलं. परदेशातून नवे भाग येण्याची सोय त्या काळी नव्हती. मुंबईच्या भंगार बाजारात तशाच गाडीचे पट्टे मिळाले, पण तेही तसेच तडकलेले. याच सुमारास माझ्या वडिलांची कवळी पडून दुभंगली. मी ती घेऊन कवळीबाईंकडे गेलो. दुसऱ्या दिवशी कवळी हातात आली तेव्हा भेग कुठे होती ते मला सापडेना. मी तसाच दुकानात परत जाऊन गाडीचा एक पट्टा घेऊन आलो.

बाईंनी तो उलटासुलटा केला. "ह्यो कुणाचा जबडा?"

"गाडीचा."

त्या हसल्या नाहीत. कडेवरून बोट फिरवत म्हणाल्या, "हुईल. तोंडात बसवायचं काम अवघड. ह्ये तर दारात बसायचं."

खाटेवरून काठी दोनदा वाजली. "आपण माणसांची कामं करतो," अण्णा जड जिभेने म्हणाले. "लोखंडाची नाही."

मी नवरीच्या हाताची हकिगत सांगितली. अण्णांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. बाई पट्टा खाली न ठेवता म्हणाल्या, "मानसाचाच हात कापलाय, अवं." त्यांना उलट बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं ते तेव्हा.

त्यांची रीत कवळीचीच होती. तडकलेले तुकडे जुळवून त्या भेगा मेणाने भरत आणि पट्टा मूळचा होता तसा गुळगुळीत करत. मग त्याचा प्लास्टरमध्ये दोन बाजूंचा साचा घेत. कवळीची पूड आणि उग्र वासाचं एक पातळ औषध कालवलं की कणकेसारखा गोळा होई. तो साच्यात दाबून, साचा घट्ट आवळून, उकळत्या पाण्यात ठेवायचा. निवला की फोडायचा. माप तंतोतंत आलं. पण कवळीची पूड असते हिरड्यांच्या रंगाची, याचा आम्हा कुणालाच विचार सुचला नव्हता. पहिला पट्टा दारावर बसवला तेव्हा कासीमभाई बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "भाभी, गाडीला हिरड्या फुटल्या की हो!"

बाई मात्र खट्टू झाल्या नाहीत. "माप बसलं ना? रंग काय, लावला की लागतो." पुढचे दोन महिने त्या पुडीत रंग मिसळून तुकडे पाडत होत्या. शेवटी जुन्या हस्तिदंतासारखा रंग साधला. पट्टा पुरा झाला की त्याची कड त्या खालच्या ओठावरून अलगद फिरवत. "बोट खोटं बोलतं," त्या म्हणत. "व्हटाला क्यास बी कळतो." ओठाला लागलं की पुन्हा कानस. कासीमभाईंची गाडी दिवाळीनंतरच्या लग्नसराईत परत रस्त्यावर आली. पहिल्या वरातीआधी त्यांनी आपल्या धाकट्या मुलीला मागच्या सीटवर बसवलं आणि सगळ्या कडांवरून हात फिरवायला लावला.

त्या गाडीमुळे बोलबाला झाला. पुण्यातले, मुंबईतले, जुन्या उघड्या गाड्या जिवापाड जपणारे लोक माझ्या दुकानात तुकडे घेऊन येऊ लागले. कुणाच्या खिडकीच्या मुठी, कुणाच्या राखदाणीचं झाकण. एकदा अख्खा डॅशबोर्ड आला. एवढा साचा मावेल असं भांडं घरात कुठलं? बाईंनी लग्नाच्या आचाऱ्याकडून पातेलं आणवलं. अंगणात तीन दगडांची चूल पेटली. शेजारणी चौकशीला आल्या, "काय बाई, कसलं जेवण?" बाई म्हणाल्या, "मोटारीचं." संध्याकाळपर्यंत त्या लाकडं सारत बसल्या होत्या. साचा फोडला आणि आतून तो लांब, अखंड, हस्तिदंती डॅशबोर्ड निघाला, तेव्हा बाईंच्या चेहऱ्यावर जे मी पाहिलं ते कवळी करताना कधी दिसलं नव्हतं.

हे डॉक्टरांच्या कानावर जायला वेळ लागला नाही. ते स्वतः चिंचवडला आले. दामूअण्णा झोपले होते, म्हणून बोलणं बाहेरच झालं. मी तिथे होतो. डॉक्टर आवाज न चढवता म्हणाले, "बाई, ज्या हत्यारांनी गाडीचे तुकडे घासता, त्यांनीच दात घासता. माझ्या रोग्याला कळलं तर तो ती कवळी तोंडात घालेल का? तुम्ही एक काहीतरी ठरवा." त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही.

बाईंनी गाड्या निवडल्या. मला आश्चर्य वाटलं. अण्णांचं उभं आयुष्य त्या कामात गेलं होतं. मी तसं म्हणालो, तेव्हा त्यांनी हातातली कानस खाली ठेवली. मग म्हणाल्या, "दात करताना त्यांची काठी सांगती, बराबर का चूक. ह्यात माझं मला कळतं. एवढंच हाय, भाऊ." आणि लगेच म्हणाल्या, "पर ह्यांना न्हाई सांगायचं. दाताचं काम ग्येलं म्हनून कळलं तर ह्ये उठायचे न्हाईत."

त्यांनी काय केलं ते मला हळूहळू कळलं. अण्णांची शिस्त अशी की प्रत्येक जबड्याची एक प्लास्टरची प्रत फळीवर जपून ठेवायची, कवळी मोडलीच तर पुन्हा करता यावी म्हणून. फळी अशा जबड्यांनी भरलेली होती. बाई त्यातला एक काढत, "डॉक्टरांनी पाठवलाय," म्हणून अण्णांना दाखवत, आणि त्यावर कवळी बनवत. अण्णा डोळ्यांजवळ धरून तपासत, काठी आपटत, पुन्हा करायला लावत. कवळी मनासारखी झाली की बाई ती कागदात गुंडाळून "पुण्याला देऊन येते" म्हणून बाहेर पडत आणि माझ्या दुकानात येऊन बसत. काही वेळाने परत जात. दात महाग म्हणून पुढे त्याच कवळ्या मोडून त्यांचे दात नव्या कवळीत बसवत. सकाळी हा उद्योग, दुपारी गाड्यांचं खरं काम. असं कित्येक वर्षं चाललं.

एकदा बाई पाणी भरायला गेल्या असताना अण्णांनी मला जवळ बोलावलं. हातात नवी कवळी होती. एकेक शब्द जुळवत ते म्हणाले, "हा डावीकडे खचलेला जबडा तळेगावच्या एका वकिलांचा. मीच केला होता. वकील वारले त्याला बरीच वर्षं झाली."

मी फळीकडे पाहिलं.

"सगळे जबडे माझ्या ओळखीचे आहेत. पहिल्या दिवसापासून ओळखतोय."

"मग तुम्ही वहिनींना..."

"नाही." त्यांनी डावा हात हलवला. "मला कळलंय हे तिला कळलं, तर ती मोटारींचं काम सोडेल. माझ्यापायी सोडेल. तिला आवडतं ते. तुम्ही बोलू नका."

बाई हंडा घेऊन आल्या. अण्णांनी कवळी पुढे केली आणि म्हणाले, "उजवी दाढ उंच आहे. घास."

त्यानंतर मी त्या घरात गेलो की मला दोघांकडेही नीट बघवत नसे. एवढं मात्र झालं, की अण्णा मोटारीच्या तुकड्यांकडे पाठ फिरवेनासे झाले. एकदा बाई दाराचा पट्टा उजेडात धरून बघत होत्या. खाटेवरून आवाज आला, "पिवळं जास्त झालंय." बाईंनी चमकून मान वळवली. अण्णा छताकडे बघत होते. बाईंनी तो पट्टा बाजूला ठेवला आणि पूड पुन्हा कालवली. पुढे रंगाचं सगळं त्या अण्णांना विचारूनच करू लागल्या, पण कधी सरळ विचारलं नाही. तुकडा त्यांना दिसेल असा खिडकीत ठेवायचा आणि स्वयंपाकाला लागायचं, एवढंच.

अण्णा एका हिवाळ्यात गेले. झोपेत गेले. बाईंनी त्या दिवसापासून कवळी केली नाही. गाड्यांचं काम आणखी काही वर्षं चाललं, पण त्या पातळ औषधाने बोटांची कातडी सोलवटून गेली होती आणि शेंड्यांना संवेदना उरली नव्हती. उकळत्या पाण्यातून साचा काढताना हात भाजायचा आणि त्यांना धग उशिरा समजायची. तोवर भोसरीत प्लास्टिक ओतणारी यंत्रं आली होती. कासीमभाईंनी गाडी मुंबईच्या एका हौशी माणसाला विकून टाकली. बाईंनी निघोज्याला भावाकडे जायचं ठरवलं. मी थांबवण्याचा प्रयत्न केला नाही. त्यांना थांबवून करायला लावण्यासारखं काम माझ्याकडे उरलं नव्हतं.

सामान टेम्पोत चढवायला मी गेलो होतो. कपाटाच्या मागून एक पत्र्याचा डबा निघाला. आत कागदात गुंडाळलेल्या कवळ्या. टेम्पोवाल्याने उघडून पाहिलं आणि घाबरून झाकण लावलं. "ह्या कुणाच्या हो, मावशी?"

"कुनाच्याच न्हाईत," बाई म्हणाल्या.

टेम्पोवाला दोऱ्या बांधायला गेला. आता अण्णा नव्हते आणि बाईंचं काम सुटलं होतं. गप्प राहण्याचं कारण संपलं आहे असं मला वाटलं. वकिलाच्या जबड्याची गोष्ट मी जशी घडली तशी सांगितली. अण्णा काय म्हणाले तेही सांगितलं.

बाई ओट्यावर बसल्या. डबा मांडीवर होता. चाळीतली मुलं टेम्पोभोवती गलका करत होती.

"कवापासून ठावं हुतं त्यांना?"

"पहिल्या दिवसापासून, म्हणाले."

टेम्पोवाल्याने दोनदा हाक मारली. मग त्या उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आन् मी समजत हुते, मी त्यांना सांबाळतीया."

डबा त्यांनी पुढच्या सीटवर आपल्याजवळ घेतला. मी दार लावायला हात पुढे केला, पण त्यांनी ते आतून आधीच ओढून घेतलं होतं.