जिनं शेवटी वाचलं, तिनं आधी बोलायचं

टपालवाल्या मावशींच्या घरात गुपित एक दिवसही टिकत नसे. उभा जन्म डाकघरात लोकांची बंद पाकिटं हाताळली, पण स्वतःचं काही बंद ठेवणं त्यांना जमलं नाही. नागपूरच्या नंदनवन भागात त्यांच्या वरच्या खोलीत मी राहायला आले, तर चहाला उकळी फुटायच्या आत त्यांची शुगर किती, सून काहून रुसली आणि आई छप्पन साली दीक्षेला कशी गेली, हे सगळं मला कळलं होतं. "माह्या मायजवळ पांढरं लुगडं नव्हतं. शेजारणीचं मागून नेसली न् पायी गेली. मोठी हिंमतवाली होती वं!" ही गोष्ट दूधवाल्यालाही पाठ होती.

मी त्यांच्या अगदी उलट. कोल्हापूरकडची, इथं शाळेचे गणवेश शिवणाऱ्या दुकानात कामाला, आणि माझी स्वतःची शाळा आठवीतच सुटलेली. हे मी नागपुरात कुणालाच कळू दिलं नव्हतं. कुणी शिक्षण विचारलं की "झालंय थोडं" म्हणून मी सुईत दोरा ओवायला लागायची.

विहारात मावशींनी बायकांचं वाचनमंडळ चालवलं होतं. एकच पुस्तक सात घरं फिरायचं. नियमही एकच: जिनं शेवटी वाचलं, तिनं आधी बोलायचं. "नाही तं दुसरीचं आयकून नुसत्या मुंड्या हालवता तुम्ही," असं त्या सगळ्यांना तोंडावर सांगत. मला वाचायला वेळ लागतो, म्हणून शेवटचा नंबर मी खुशीनं मागून घेतला. नियम मला नंतर कळला.

त्या खेपेला एक गाजलेली जाड कादंबरी होती. एक प्रकरण आजच्या नातीचं, एक सत्तर वर्षांपूर्वीच्या आजीचं. गोष्ट जरा रंगली की लेखिका मला खाली उतरवून दुसऱ्या गाडीत बसवायची. घराण्याचं काहीतरी भयंकर गुपित ट्रंकेत होतं. तीनशे पानांनी ट्रंक उघडली, तर काय, आजीनं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती आणि घरानं ते जन्मभर लपवलं होतं. नात ढसाढसा रडली. मी कोरडीच. मला वाटलं, खोट माझ्यातच आहे; शिकलेल्यांना यात काहीतरी दिसत असणार.

सभेच्या आदल्या दिवशी मावशी मेथी निवडत होत्या. मी हळूच विचारलं, "तुम्हाला कशी वाटली?"

"मले काहून विचारतं? तुले डोळे नाहीत का?"

"मला समजली नसेल, मावशी."

"मंग तसं सांग. पण तुह्यं तूच सांग."

सभेत मी कागद घेऊन उभी राहिले. "भाषा ओघवती आहे. दोन काळांची गुंफण सुंदर..." समोर निवृत्त प्राध्यापकबाई बसल्या होत्या. मी कागदाची घडी घातली.

"हे मी पुस्तकाच्या मागच्या बाजूवरून उतरवलंय," मी म्हणाले. "मी आठवीच शिकलेय, चुकत असेन. पण हीच गोष्ट मावशींनी मला पहिल्या दिवशी चहासोबत सांगितली, केवढ्या अभिमानानं! इथं ती तीनशे पानं कोंडून ठेवली. त्यात लाजण्यासारखं काय होतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही."

मग प्राध्यापकबाईंनीच श्वास सोडला. "अगं, मला वाटलं, मलाच तेवढा कंटाळा आला!"

"अन् मले म्हणे, लई भारी पुस्तक आहे, दोन दिवसांत वाच!" शेजारचीनं त्यांना कोपर मारलं. सगळ्या हसल्या.

मावशी हसल्या नाहीत. घरी जाताना एवढंच म्हणाल्या, "आठवी लपवून काहून ठेवली वं? चोरी केली होती काय?" दुसऱ्या दिवशी दूधवाल्यालाही माझी आठवी कळली होती.

गेल्या वर्षी मावशी गेल्या. त्याच्या दोन दिवस आधी मी दवाखान्यात त्यांच्याजवळ होते. मोठे डॉक्टर तपासायला आले. मावशींचा आवाज अगदी बारीक झाला होता, तरी माझं मनगट धरून त्यांनी ओळख करून दिली, "डाक्टरसाहेब, हे आमची आठवीवाली. कोणतं पुस्तक चांगलं, कोणतं फालतू, इले विचारा."

डॉक्टर हसले. मग त्यांनी खरंच विचारलं, "सध्या काय वाचताय?"

मी पुस्तकाचं नाव सांगितलं. आणि ते का आवडलं नाही, तेही सांगितलं.