सुंदरी नावाची कुठली देवी नाही

यमुनामावशी म्हातारपणाने गेली, असं कृपा करून मला कुणी सांगू नका.

आज तिचं दहावं झालं. सकाळपासून निम्म्या पेण तालुक्याच्या स्टेटसला तिची गाणी फिरतायत. खाली लिहिलंय, 'पारंपरिक'.

पारंपरिक म्हणजे काय, तर जिचा आवाज घेतला तिचं नाव लिहायचा कंटाळा आला.

मावशी धवलारीण होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या आगरी लग्नात भटजी मागाहून. आधी मांडवात धवलारीण बसते आणि धवले गाऊन लग्नाचे विधी करते.

सुरुवात करण्याआधी मावशी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला जवळ बोलवायची.

"घरातलं कोन कोन गेलंय, सांग. येक पन राहता नये. रुसतात ते."

मग गाण्यातून त्या एकेकाला नाव घेऊन लग्नाचं आवतण. नाव घेतलं की समोर पिठाने रेखलेल्या चौकात चिमूटभर तांदूळ. त्या वेळी मांडवात भल्याभल्यांचे डोळे भरायचे.

मी तिच्या बहिणीची मुलगी. मागे बसून तिची ओळ उचलायचे. चुकले की सगळ्यांसमोर शिव्या.

गोडबिड अजिबात नव्हती मावशी. भांडकुदळ होती. मांडवात पहिला मान तिला हवा, जेवणात पहिलं पान तिला हवं. नवरी फोनमध्ये डोकं घालून बसलेली दिसली तर तिच्या आईचाही उद्धार.

तरी कासूपासून धरमतरपर्यंत तिच्याशिवाय हळद लागत नव्हती.

मग लोकगीतं गोळा करणारे एक सर आले. आमच्याच आळीतल्या एका लग्नात फोन ठेवून अख्खा धवला रेकॉर्ड केला. चहा घेतला, मावशीच्या पाया पडले, गेले.

पुढे त्यांचं पुस्तक आलं. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं, वर 'लहानथोर सगळ्यांसाठी'. चित्रातल्या नवरीला नऊवारी अशी नेसवलेली की आमच्या बायका पोट धरून हसल्या.

मावशीला वाचता येत नव्हतं. पुस्तक माझ्याकडे सरकवून म्हणाली, "माझं नाव कुठं हाय, तिथं बोट ठेव."

मी शेवटच्या पानापर्यंत गेले. बोट ठेवायला जागा नव्हती.

"बरं," म्हणाली आणि सुकट निवडायला बसली.

सरांनी त्या लग्नातलं आवतणही जसंच्या तसं छापलेलं. म्हणजे त्या घरातली गेलेली माणसंसुद्धा. जानू, पोशा आणि सुंदरी. खाली टीप दिली, 'ही स्थानिक ग्रामदैवते होत'.

सुंदरी आमच्या आळीतली सून. बाळंतपणात गेली बिचारी. तिची देवी झाली, आणि जितीजागती मावशी झाली 'परंपरा'.

इथवर हसून सोडलं असतं. पण लोक त्या पुस्तकातून लग्नं लावायला लागले.

रोह्याकडचं एक लग्न. मावशीला बोलावणं होतं, पण फक्त जेवायला. मी सोबत होते. मांडवात तीन मुली, एकसारख्या साड्या, हातात माईक आणि पुस्तक. गात गात आवतणावर आल्या आणि सुंदरीला हाक मारली. करवल्यांनी हात जोडले.

मावशी उठली.

"अगो, ती आमच्या आळीतली सून व्हती. तिला परक्याच्या मांडवात कशाला बोलावताव?"

मुलाकडचा कुणीतरी म्हणाला, "आजी, बसून घ्या. पुस्तकात छापलंय तसंच चाललंय."

"तुमचं मेलेलं मानूस छापलंय का त्यात?"

लोक हसले. फोन वर झाले. तो व्हिडिओ तुमच्यापैकी कितीतरी जणांनी बघितलाय. 'आजी रॉक्स' लिहून पुढेही पाठवलाय. मला नावं माहीत आहेत.

व्हिडिओत नाही ते सांगते.

नवऱ्या मुलाचा बाप धरमतरला बार्जवर कामाला होता. तिथेच गेला. त्या मांडवात त्याचं नाव कुणीच घेतलं नाही. त्याची बायको आत, भांड्यांच्या ढिगाजवळ तोंड लपवून बसली होती.

मावशी तिच्याजवळ जाऊन खाली टेकली. "नाव सांग गो त्याचं," म्हणाली. मूठभर तांदूळ मागून घेतले आणि तिथंच, हळू आवाजात, त्या माणसाला त्याच्या मुलाच्या लग्नाचं आवतण दिलं. ती बाई मावशीच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. बाहेर डीजे लागला होता.

त्यानंतर मावशीला कुणी बोलावलं नाही. म्हातारी मांडवात तमाशा करते म्हणे.

लग्नसराई आली की ती आंघोळ करून, चांगलं लुगडं नेसून ओटीवर बसायची. कुणी हाक मारेल म्हणून. दुपारी उठून लुगडं बदलायची. दोन सराया अशाच गेल्या. मग जेवणच सुटलं. डॉक्टर म्हणाले, वय झालंय.

राग येतो मला. सरांचा येतो, त्याहून जास्त आपल्या लोकांचा येतो. घरची जिवंत बाई ओटीवर बसवून आपण कागदावरचं गाणं मांडवात नेलं.

आज दहाव्याहून परतल्यावर मावशीचा मुलगा, आमचा प्रमोद, ओटीवर बसला होता. मे महिन्यात त्याच्या मुलीचं लग्न आहे.

म्हणाला, "ताई, तारीख बदलत नाय. हॉल बुक हाय. धवल्याला रोह्याच्या त्या पोरी येतील, त्यांच्याकडं पुस्तक हाय."

मी विचारलं, "आनि तुझ्या आयशीला आवतन कोन देनार?"

तो उठला. मग फोन वाजला म्हणून आत गेला. फोन वाजला नव्हता.

मावशे, मला तुझ्याएवढं येत नाही. आवाजही नाही तुझ्यासारखा. पण हॉलमध्ये माईक कुणाच्याही हातात असू दे, तुझ्या नातीच्या हळदीला मी तुझं नाव घेईन. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं, व्हिडिओ काढावेत.

पहिलं पान तुझं.

नीट जा गो. आणि मे महिन्यात ये.