उंटाचा धडा

रशीद सर सातवीला अनुकूलन शिकवून शिकवून थकले होते. अठ्ठावीस वर्षं तोच उंट. वाळूत पाय रुतू नयेत म्हणून त्याचे तळवे पसरट असतात, एवढंसुद्धा यंदा चाचणीत कुणाला लिहिता आलं नाही. आपल्यालाच शिकवता येत नाही, असं त्यांना आताशा वाटू लागलं होतं.

संध्याकाळी ते गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला गेले. तिथं त्यांच्याच वर्गातली अक्षता म्हशीचं दावं धरून उभी होती आणि तिचे वडील धार काढत होते.

पेला हातात घेत सरांनी सहज विचारलं, “एवढ्या वजनाची ही, चिखलात रुतत कशी नाही गं?”

“खूर फाकत्यात की, सर. पाय टेकला की पसरतोय.”

“मग पेपरात का नाही लिहिलंस?”

“पेपरात उंट हुता की.”

“आमच्या दारात कुठला उंट, सर?” धार न थांबवता वडील म्हणाले.

सरांनी वाकून म्हशीच्या पायांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी म्हशीवर एकदाही प्रश्न काढला नव्हता. पेला रिकामा करून ते थकल्या आवाजात म्हणाले, “उद्या वर्गात तू म्हैस शिकीव. मी बाकावर बसतो.”