रोटोचं काम गेलं, क्वार्टरही गेली

बल्लारशाच्या फलाटावर बाबा वीज केंद्रातली ड्यूटी संपवून थेट आले होते. हेल्मेट हातात, गेटपास खिशाला तसाच. मी हैदराबादच्या एका ॲनिमेशन स्टुडिओत रुजू व्हायला निघाले होते. माझा ड्रॉइंग टॅबलेट आईनं टॉवेलात गुंडाळून छातीशी धरला होता, गाडी येईपर्यंत तिनं तो खाली ठेवला नाही. डब्यात चढताना बाबा म्हणाले, "मन नाई लागलं तं वापस ये. क्वार्टर हायच आपली."

त्या वाक्याच्या भरवशावर मी गेले. तुमच्यापैकी जे घर सोडून निघालेत त्यांच्या खिशातही असं एखादं वाक्य असेल, आणि जे गावीच राहिलेत त्यांनी ते कुणाला तरी दिलं असेल.

हैदराबादला माझ्या खोलीत तेलुगू मुलखाच्या सीमेवरच्या सिरोंच्याची रजनी होती. आम्ही एकाच टीममध्ये. तेलुगू तिला लहानपणापासून येत असल्यानं घरमालकाशी तीच बोलायची, मी मागे उभी राहून मान हलवायची. आमचं काम रोटोचं. पडद्यावरच्या माणसाची कड प्रत्येक चौकटीत हातानं काढायची, म्हणजे त्याच्यामागे हवं ते दृश्य बसवता येतं. वाऱ्यानं उडणारे केस आले की बाकीचे वैतागायचे. मला मात्र तेच आवडायचं.

काही वर्षं अशी गेली. मग एका सकाळी टीम लीडरनं आम्हाला पडद्यासमोर बसवून एक शॉट सॉफ्टवेअरला दिला. आमच्या दिवसभराचं काम त्याचा चहा संपायच्या आत झालं. रजनी माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "केसं बी बरोबर काढले ना वं." चुकलं असतं तर बरं वाटलं असतं.

टीम बंद झाली. मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, "ये. नाई म्हनत नाई मी. पन काऊन येऊन राह्यली, ते ठरवून ये."

मी काहीच न ठरवता गेले. आणि वीज केंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या आमच्या दारात खोकी रचलेली दिसली. बाबा निवृत्त होत होते. क्वार्टर रिकामी करायची होती. हे होणार हे मला कधीपासून माहीत होतं, तरी ते घर कंपनीचं आहे हे मनात कधी शिरलंच नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारामागे लहानपणी मी खडूनं काढलेली माणसं होती. आईनं इतकी वर्षं ती पुसली नव्हती. रंगारी आला आणि त्यानं ब्रश फिरवला. आई मागच्या अंगणात कपडे काढायला निघून गेली.

खोकी बांधता बांधता बाबांनी जे सांगितलं, ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. वीज बनवणारा त्यांचा जुना संच बंद झाला, तेव्हा त्यांना नव्या कंट्रोल रूममध्ये बसवलं होतं. "पोट्टे शिकवत होते मले. स्क्रीनपुढं बसलो का घाम फुटे."

"मग भीती कधी गेली?" मी विचारलं.

"भेव नाई गेलं. काम येऊ लागलं."

आईबाबा मार्कंड्याजवळ बाबांच्या गावी राहायला गेले. रजनी सिरोंच्याला परतली. आता ती शाळेत चित्रकला शिकवते आणि लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. मी पुन्हा हैदराबादला आले. स्टोरीबोर्ड शिकले, म्हणजे कोणत्या दृश्यानंतर कोणतं येईल ते आधी कागदावर मांडायचं. मग गेमसाठी जंगलं रंगवली. प्रत्येक ठिकाणी वयानं मोठी आणि कामानं नवी. अजूनही कुणी "हे नवीन टूल पाहिलं का?" म्हटलं की भीती वाटते. मी ते टूल शिकते. भीती तशीच असते.

यंदा आमच्या छोट्या स्टुडिओकडे आमच्याकडच्या जंगलातल्या गावांच्या शाळांसाठी एक फिल्म आली. वाघ दिसला तर मुलांनी काय करायचं, एवढाच विषय. संहितेत होतं, "व्याघ्र दृष्टीस पडल्यास विचलित होऊ नये." मी म्हटलं, ही भाषा आमच्याकडची पोरं ऐकणार नाहीत. साहेब म्हणाले, मग आवाज तूच शोध.

मी आईकडे गेले. खिडक्यांना उशा लावल्या, पंखा बंद केला. आई माइकपुढे ताठ बसली. पहिल्यांदा तीही पुस्तकी बोलली. मी म्हटलं, मला सांगते तसं सांग. मग ती म्हणाली, "वाघ दिसला तं पळू नोको बापू. पाठ दाखवू नोको. त्याच्याकडं पाहत पाहत मांगं सरक." हेडफोनमध्ये ते ऐकताना माझेच खांदे सैल झाले.

रेकॉर्डिंग संपल्यावर तिनं विचारलं, "आता माहा आवाज बी मशीन काढीन का?"

"काढीन."

"मंग तू का करशीन?"

ऑफिसात या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार असतं. हसून, इंग्रजीत, न अडखळता देते मी ते. आईबाबांच्या या घरात मी कधी सलग राहिलेले नाही. रात्री उठले तर दिव्याचं बटण अजून चाचपडावं लागतं. पण तिथे जमिनीवर बसून मी म्हटलं, "मले माहीत नाई, आई." एवढं खरं मी कित्येक महिन्यांत कुठे बोलले नव्हते.

"बरं," ती म्हणाली. "पंखा लाव आता. लय गरम होऊन राह्यलं."