नारळ कुणी फोडायचा

विलासकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिरवळला एका कारखान्याच्या गेटवर कंत्राटी कामगारांची पत्रकं वाटत होते. फोन त्यांच्या मुलाचा, कडेगावहून. "ताई, आण्णा गेलं. सकाळी चहा घेतला, अन् बसल्या जागी..." हातातलं पत्रक मी समोरच्या बाईला दिलं आणि उरलेला गठ्ठा पिशवीत ठेवला. त्याला आता महिना होत आला. काका माझ्या नात्यातले नव्हते. सैन्यात यंत्रदुरुस्ती करून आलेले आणि नंतर सांगली-साताऱ्यातल्या कारखान्यांत कॉम्प्रेसर, एअर ड्रायर बसवून देणारे गृहस्थ. माझ्या आईचं काम मात्र त्यांच्यामुळं टिकलं.

आई शिरवळच्याच एका कारखान्यात रंगकामाच्या विभागात आहे. रंग मारण्याआधी लोखंडी भाग फडक्यानं पुसून द्यायचे, हे तिच्यासारख्या कंत्राटी बायकांचं काम. एका पावसाळ्यात रंगाला फोड यायला लागले, रोज माल परत. सुपरवायझरनं ठरवून टाकलं, बायका ओल्या हातानं पुसतात. महिनाअखेर सगळ्यांना बंद करा, असं ठेकेदाराला कळवलंही. आता संतापाची गोष्ट ऐका. त्याच आठवड्यात कंपनीनं एअर ड्रायर मागवला. रंग फवारायला जी दाबाची हवा लागते, तिच्यात बाष्प असतं; ड्रायर ती हवा फ्रीजसारखी गार करतो, पाणी वेगळं काढतो आणि कोरडी हवा पुढं पाठवतो. म्हणजे फोड कशानं येतात हे त्यांना माहीत होतं, म्हणून तर यंत्र मागवलं. पण बायकांचा दोष नाही, हे ठेकेदाराला कळवायला कुणाला सवड नव्हती. द्वेषही नाही... नुसती सवड नव्हती. मला त्याचाच जास्त राग येतो.

ड्रायर बसवायला काका आले. टेम्पोतून हादरे खात आलेलं यंत्र त्यांनी आधी नुसतं उभं ठेवलं. आतलं तेल खाली बसल्याशिवाय हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. सुपरवायझरला ते भिंतीला चिकटवून हवं होतं. "साहेब, ह्याला गरम हवा सोडायला जागा लागती. माणूसबी भितीला नाक लावून झोपत न्हाई," म्हणत त्यांनी ते पुढं ओढलं. दुपारी डबा खायला ते बायकांच्या घोळक्यात बसले. लोणचं वाढता वाढता आईनं सांगितलं, आमचा हा शेवटचा महिना. काकांनी घास डब्यात ठेवला. "हवा मी सुकवणार, अन् घरी तुमी जायचं व्हय?"

संध्याकाळी चहाच्या गाड्यावर आईनं आमची गाठ घालून दिली. मी तावातावानं लिहिलेलं पत्रक पुढं केलं. रक्तपिपासू व्यवस्थापन वगैरे सगळं त्यात होतं. त्यांनी चष्मा लावून नीट वाचलं.

"पोरी, शिव्या लय झ्याक हायत. पण ह्यात पानी कुठं हाय?"

"कसलं पाणी?"

"हवंतलं. फोड कशानं येत्यात ते एका वळीत लिही."

मी चिडले. पण ती एक ओळ लिहायला मला अख्ख्या पत्रकापेक्षा जास्त वेळ लागला.

ते पत्रक वाटायची वेळच आली नाही. दुसऱ्या दिवशी मी आत नव्हते, आईनं सांगितलं ते लिहिते. पाइप जोडून झाले. हार, उदबत्ती, नारळ आला. मॅनेजरसाहेब इस्त्रीच्या शर्टात फोटोला उभे. काकांचा एक रिवाज होता: जुन्या बिघाडापायी ज्याला बोलणी बसली, नव्या यंत्राचा नारळ त्यानं फोडायचा. त्यांनी नारळ आईच्या हातात दिला.

"आवं दादा, बायका नारळ फोडत न्हाईत," आई मागं सरली.

"बोलणी खायला चालत्यात, नारळ फोडायला न्हाईत?"

मॅनेजरनं विचारलं, बोलणी कसली? काकांनी सुपरवायझरकडं बघितलं. "तुमीच सांगा साहेब, मी परका माणूस." आणि त्याला सगळ्यांदेखत सांगावं लागलं की फोड हवेतल्या पाण्यानं येत होते, बायकांच्या हातांनी नाही. मॅनेजरनं तिथूनच ठेकेदाराला फोन लावला, बायका राहतील म्हणून. मग आईनं नारळ फोडला. दुसऱ्या फटक्याला फुटला आणि पाणी सुपरवायझरच्या बुटावर गेलं, हे ती अजून हसत सांगते.

काका मोर्च्याला कधी आले नाहीत. "लेफ्ट-राइट लय केलं, आता बास." याचा मला राग होता, थोडा अजून आहे. पण दर खेपेला सर्व्हिसिंगला आले की माझं नवं पत्रक मागून घ्यायचे, पेन्सिलीनं शब्द खोडायचे आणि विचारायचे, "ह्यो काढला तर काय बिघडतं?" बहुतेक वेळा काहीच बिघडायचं नाही. आज लोक माझी पत्रकं घडी घालून खिशात ठेवतात, गेटवरच टाकून देत नाहीत... हे त्या पेन्सिलीचं देणं.

गेल्या आठवड्यात रंगाला पुन्हा फोड आले. आताचा सुपरवायझर नवा आहे. त्यानं नुकत्याच लागलेल्या एका मुलीला उभं केलं, हात दाखव म्हणाला. आई उठली. काका सर्व्हिसिंगला आल्यावर करायचे तसं तिनं कोरडं पांढरं फडकं हवेच्या नळीपुढं धरलं आणि त्याच्या हातात दिलं. फडकं ओलं होतं. मग ती ड्रायरकडं निघाली, तो तिच्या मागून. ती मुलगी तशीच उभी होती, दोन्ही तळवे पुढं करून. जाता जाता आई तिला म्हणाली, "हात खाली घे गं."