केबिन नैऋत्येला गेली तेव्हा

“शुक्रवारपर्यंत ही केबिन गार झाली नाही, तर सलीमला घरी पाठवतो,” डायरेक्टर सर म्हणाले आणि रुमालानं मान पुसली.

सलीमभाई तिथंच दाराशी उभे होते. त्यांच्यासमोरच बोलले. जणू दाराशी माणूस नाही, स्टूल ठेवलंय. मला पहिल्या पाच मिनिटांतच या साहेबांचा राग आला आणि काम संपेपर्यंत तो काही गेला नाही.

दिवस बुधवार, एप्रिलची अखेर, गाव लातूर. बाहेर बेचाळीस डिग्री. मी नांदेडहून सकाळच्या एस.टी.नं शिडी सोडून बाकी सगळं सामान घेऊन आलो होतो. मी कदम, एसी कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर. एसी म्हणजे भिंतीवर टांगतात तो नव्हे, आख्ख्या इमारतीचा. हे मी आमच्या मुखेडला वीस वर्षं सांगून राहिलो, तरी सुट्टीत घरी गेलो की कोणीतरी फ्रिज दाखवायला नेतंच.

इमारत एका क्लासची. पाच मजले, दर्शनी भागाला निळी काच, आणि चौथ्या मजल्यावर डायरेक्टर सरांची केबिन. केबिन किती मोठी? त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाला टेस्ट रूम होती, तिथं तीस पोरं कॉम्प्युटरवर डॉक्टरकीच्या एन्ट्रन्सची टेस्ट देत होती. दोन्ही खोल्या अगदी एका मापाच्या. तिकडं तीस पोरं, इकडं एक साहेब.

“आता हे बघा,” साहेब म्हणाले, “इथं मी भाजून राहिलो. आणि तिकडं टेस्ट रूममध्ये पोरं कुडकुडून राहिलीत. माझी हवा गेली कुठं? कोणीतरी तिकडं वळवली ना? वरच्या मशीनची चावी कुणाकडं असते? सलीमकडं.”

“साहेब, मी कशाला वळवू,” सलीमभाई हळूच म्हणाले.

“आणि शुक्रवारी दुपारी हा तासभर जागेवर नसतो.”

“सर, केबिन सोमवारीबी तापते की,” मी म्हणालो. साहेबांनी माझ्याकडं असं बघितलं, की आता कदमचाही हिशोब होणार.

सलीमभाई मूळ उदगीरचे. आधी डाळ मिलमध्ये वायरमन, मग सहा वर्षांपासून इथं एसीचे ऑपरेटर. वय पंचावन्नच्या पुढं. या वयात काढून टाकलं, तेही चोरून हवा वळवली म्हणून, तर लातुरात त्यांना कोण उभं करणार होतं? गाव मोठं असलं तरी आमच्या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात. मी मनात म्हणालो, शुक्रवारच्या आत खरा दोष सापडलाच पाहिजे.

आता ही सिस्टीम काय असते ते सांगतो. तिला व्ही.ए.व्ही. म्हणतात. गच्चीवरचं मोठं मशीन एकाच तापमानाची थंड हवा पत्र्याच्या मोठ्या पाइपातून सगळ्या मजल्याला पाठवतं. प्रत्येक खोलीच्या फॉल्स सीलिंगच्या वर एक पत्र्याचा बॉक्स असतो, त्यात एक झडप. खोली तापली की झडप उघडते, जास्त हवा येते. खोली गार झाली की झडप मिटत जाते. शेतात पाटाचं पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात सोडायला दारं धरतात ना, तसंच. फरक एवढाच, की इथं दारं धरणारा माणूस नसून भिंतीवरचा थर्मोस्टॅट असतो. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. त्याच्यावर खोलीचं तापमान दिसतं आणि पाहिजे तेवढं लावायला दोन बटणं असतात.

आधी गच्चीवर गेलो. साहेबांचा संशय तिथंच होता. मशीन बघून जीव थंड झाला. फिल्टर धुतलेले, पट्टे नीट ताणलेले, हवा चौदा डिग्रीला निघतेय, दाबही बरोबर. सलीमभाईंनी मशीन नव्या नवरीसारखं ठेवलं होतं. म्हणजे हवा निघत होती, केबिनपर्यंत जात होती, आणि दारात अडत होती.

केबिनमध्ये येऊन शिडी लावली, सीलिंगची टाइल सरकवली, टॉर्च मारला. साहेबांच्या बॉक्सची झडप जवळपास मिटलेली. हैदराबादला आमच्या रेड्डी सरांना फोन लावला. ते आमचे बॉस. त्यांना गेल्या दहा वर्षांत शिडी चढताना मी बघितलं नाही.

“झडप मिटलेली आहे सर.”

“मोटर जॅम. बदल दो.”

“सर, मला वाटतं मोटर ऐकतेय. तिला मिटूनच राहायला सांगितलंय कोणीतरी.”

“कदम, बदल दो ना. कस्टमर को कुछ नया दिखना चाहिए.”

मला पटलं नव्हतं. तरी गुरुवारी सकाळी हैदराबादच्या बसनं नवी मोटर आली आणि मी ती बसवली. जुनी मोटर बिचारी ठणठणीत होती. नवी मोटर तिच्यापेक्षाही मन लावून बंद राहिली. साहेब दुपारी आले, खुर्चीत बसले, दोन मिनिटं वर बघत राहिले.

“झालं?”

“नाही सर.”

“बघा. मी सांगत होतो, सलीमच आहे.”

यात माझाही गाढवपणा आहे, तो लपवत नाही. आदल्या दिवशी लॅपटॉप बॉक्सला जोडला होता तेव्हा मी फक्त झडपेचा आकडा बघितला, पंधरा टक्के. त्याच्या खालच्या ओळीकडं बघितलंच नाही. गुरुवारी बघितलं. बॉक्सच्या मते केबिनचं तापमान होतं अठरा डिग्री, आणि साहेबांनी मागितलं होतं अठ्ठावीस. अठरा? माझ्या पाठीवरून घामाची धार चालली होती. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर बघितलं, तर तिथं खोली एकोणतीस, आणि मागणी अठराची. म्हणजे भिंत एक बोलत होती आणि बॉक्स दुसरंच काहीतरी ऐकत होता.

डोक्याला ताप झाला म्हणून पाणी प्यायला टेस्ट रूमच्या बाजूला गेलो. दार उघडलं आणि हसावं की रडावं कळेना. लातूरचा एप्रिल, आणि पोरं स्वेटर घालून बसलेली. एका पोरीनं हातमोजे घातले होते. माउस पकडायचा हात उघडा, दुसऱ्या हाताला मोजा. घरी आईबापांनी वर्षभर पोटाला चिमटा काढून लातुरात ठेवलेली पोरं, आणि ती अशी बसलेली. मला खरंच वाईट वाटलं. तिथल्या सुपरवायझर सोनकांबळे मॅडम शाल घेऊन थर्मोस्टॅटचं बटण दाबत होत्या.

“किती लावलं मॅडम?”

“अठ्ठावीस. रोज वाढवते, रोज जास्तच गार होतं. लई त्रास झालाय हो.”

अठ्ठावीस. खोली अठरा. हेच दोन आकडे मी आत्ता साहेबांच्या बॉक्समध्ये बघून आलो होतो.

तडक केबिनमध्ये परत आलो. साहेब जेवायला गेले होते. थर्मोस्टॅट नीट जवळून बघितला. त्याच्या डोक्यावर कुंकवाचं बोट उठलेलं, बाजूला वाळलेली हळद, आणि फटीत अक्षतांचा एक तांदूळ अडकलेला.

“सलीमभाई, याची पूजा कधी झाली?”

“बिल्डिंगच्या उद्घाटनाला. गुरुजींनी स्वतः हात लावून चालू केला होता. साहेबांचा तो लकी आहे.”

“म्हणजे सुरुवातीपासून याच भिंतीवर?”

सलीमभाईंनी दाराकडं बघितलं. मग म्हणाले, “न्हाई. पाडव्यापर्यंत साहेब तिकडं बसायचे. आता टेस्ट रूम हाय, तिथं. वास्तूवाल्यानं सांगितलं, मालक ईशान्येला बसून चालत न्हाई, नैऋत्येला बसा. मग पाडव्याच्या मुहूर्तावर साहेब इकडं आले आणि पोरं तिकडं गेली.”

“आणि थर्मोस्टॅट?”

“साहेब म्हणाले, माझी खुर्ची, माझा फोटो, माझा पूजेचा थर्मोस्टॅट, सगळं माझ्यासंगं येणार. सुतारानं काढून इकडं लावला. इथला होता तो तिकडं रिकाम्या जागी लावला.”

मी शिडीवरच बसलो. हे थर्मोस्टॅट वायरलेस. भिंतीत तार नाही, आत सेल, दोन स्क्रू काढले की हातात. पण बसवताना प्रत्येकाची आपापल्या बॉक्सशी लॅपटॉपवरून जोडी लावून दिलेली असते. त्याला पेअरिंग म्हणतात. थर्मोस्टॅट उचलून बार्शी रोडला नेला, तरी तो आपल्या जुन्याच बॉक्सला हुकूम सोडत राहतो. भिंत बदलली म्हणून जोडी बदलत नाही.

म्हणजे झालं होतं असं. साहेबांना उकडलं की ते अठरा लावायचे. तो हुकूम जायचा टेस्ट रूमच्या बॉक्सला, पोरं गारठायची. मॅडम वैतागून अठ्ठावीस लावायच्या. तो हुकूम यायचा साहेबांच्या बॉक्सला, झडप मिटायची, साहेब आणखी तापायचे. दीड महिना दोघं एकमेकांची हवा पळवत होते, आणि चोर म्हणून सलीमभाई उभे होते.

“अहो, तेव्हाच सांगायचं ना!”

“सांगितलं होतं. साहेब, याची सेटिंग त्या खोलीची आहे, कंपनीला विचारून हलवा, असं म्हणालो. म्हणाले, तुला वास्तूतलं काय कळतंय.” त्यांनी रोजच्या नोंदीचं रजिस्टर आणून पान काढलं. पाडव्याच्या तारखेला स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं, साहेबांच्या सांगण्यावरून थर्मोस्टॅट हलवले, ऑपरेटरनं कंपनीला विचारा म्हणून सांगितलं होतं.

“हे का दाखवलं नाही?”

“दाखवलं असतं तर शुक्रवारचीबी वाट बघितली नसती त्यांनी.”

साहेब जेवून आले. मी त्यांना नुसतं सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांच्याच हातानं करून घ्यायचं ठरवलं. मॅडमना फोन लावून स्पीकर चालू केला.

“सर, तुमचा थर्मोस्टॅट तीसवर करा.”

“वेड लागलं काय? आधीच भाजून राहिलो.”

“पाच मिनिटं सर.”

त्यांनी बटण दाबलं. थोड्या वेळानं फोनमधून मॅडमचा आवाज आला, “अहो कदम, इथली हवा थांबली बघा.” मागून पोरांचा गलका.

“मॅडम, आता तुमचा सोळावर करा.”

साहेब कपाळाला आठ्या घालून वर बघत होते. आधी जाळीतून थोडी धूळ पडली. मग दीड महिना तुंबलेली हवा अशी खाली आली, की टेबलावरचे ॲडमिशनचे फॉर्म उडून सोफ्याखाली गेले. साहेबांनी डोळे मिटले. खरं सांगतो, क्षणभर तो माणूस मला आवडला.

डोळे उघडल्यावर म्हणाले, “म्हणजे सलीमनं अदलाबदल केली.”

“नाही सर. तुम्ही केली. पाडव्याला.”

 मी सुचवलं, दोन्ही थर्मोस्टॅट आपापल्या जागी परत लावू. साहेब म्हणाले, पूजेचा इथून हलणार नाही. ठीक आहे म्हणालो. लॅपटॉपवर जोड्या बदलून दिल्या. दहा मिनिटांचं काम. तासाभरात केबिन चोवीसवर आली, आणि टेस्ट रूमही.

मग सर्व्हिस रिपोर्ट. त्यात एक रकाना असतो, दोषाचं कारण. साहेब म्हणाले, “ऑपरेटरची चूक लिहा. पार्टनरना काहीतरी दाखवावं लागतं.” मी नाही म्हणालो. त्यांनी रेड्डी सरांना फोन लावला, रेड्डी सरांनी मला.

“कदम, कस्टमर जो बोलता, वो लिखो ना.”

“सर, तुम्ही मोटर म्हणालात, मी मोटर बदलली. आता पुरे,” म्हणालो आणि फोन खिशात टाकला. रकान्यात लिहिलं. खोल्यांच्या अदलाबदलीत मालकांच्या तोंडी सांगण्यावरून थर्मोस्टॅट हलवले. ऑपरेटरनं तेव्हाच सांगितलं होतं, रजिस्टरला नोंद आहे. ऑपरेटरचा दोष नाही.

साहेबांनी वाचलं आणि कागद बाजूला सारला. “यावर मी सही करणार नाही.”

मी लॅपटॉप पुन्हा उघडला. “मग काम झालं नाही असं धरू सर. होतं तसं परत करून देतो.”

साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. खाली रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, डांबर चकाकत होतं. मग वरच्या जाळीकडं बघितलं. आता पोरांना परत गारठवायला मी काय कसाई होतो? पण साहेबांना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी सही केली. मी एक प्रत सलीमभाईंच्या हातात दिली. त्यांनी ती रजिस्टरच्या त्याच पानात घडी करून ठेवली आणि गच्चीवर निघून गेले, चारचं रीडिंग घ्यायचं होतं.

सलीमभाई अजून तिथंच आहेत. साहेब पाहुण्यांना सांगतात म्हणे, नैऋत्येला आल्यापासून केबिन कशी गार राहते बघा. सांगू देत. मी मात्र आता कुठल्याही साइटवर गेलो की बॅग उघडायच्या आधी विचारतो, गेल्या वर्षभरात इथं कोणी खोली बदलली का? लोक म्हणतात, त्याचा एसीशी काय संबंध. मी म्हणतो, शिडी द्या.